‘मला ते नाही ना?’ याला आता माझं उत्तर नाही

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पुन्हा उडणाऱ्या पोटरीचा व्हिडिओ पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘आई, हे एएलएस नाही ना?’ मी मुद्दामच उत्तर दिलं नाही. फोनवर तू मध्येच दुसरी शंका काढतोस आणि बोलणं तिथेच फिरत राहतं, म्हणून लिहून पाठवते आहे. शेवटपर्यंत वाच.

स्नायू उडणं वेगळं आणि स्नायूची ताकद जाणं वेगळं. एएलएस या आजारात मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मरत जातात. माणूस दवाखान्यात येतो तो बहुतेक वेळा रोजचं काम जमेनासं झालं म्हणून. मी मेडिसिन वॉर्डात कामाला असताना अशा एक बाई आल्या होत्या. साडीला पिन लावता येईना, डब्याचं झाकण निघेना, चालताना चपलेचं टोक जमिनीला घासायचं. आपले स्नायू उडतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. डॉक्टरांनी दंडावरची हालचाल दाखवली तेव्हा त्यांना कळलं. तू सिंहगड चढून आलास आणि घरी येऊन पोटऱ्या उडतात म्हणून घाबरलास. अरे, दमलेला स्नायू उडतोच. जागरणाने उडतो, कॉफीने उडतो, काळजीने तर हमखास उडतो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी, नुसते स्नायू उडतात आणि बाकी आजार सापडत नाही अशा १२१ जणांवर २ ते ३२ वर्षं लक्ष ठेवलं होतं. १९९३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यातल्या एकालाही हा आजार झाला नाही. तुझे रिफ्लेक्स न्यूरोलॉजिस्टनी पाहिले, ताकद पाहिली, सुई घालून ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विजेची तपासणी, केलं. नस आणि स्नायू यांचा संबंध तुटू लागला तर त्याच्या खुणा ईएमजीत दिसतात. तुझ्यात त्या नव्हत्या.

यावर तू काय म्हणणार तेही मला माहीत आहे. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगना १९६३ साली, एकविसाव्या वर्षीच याच आजाराचं निदान झालं होतं. खरं आहे. बहुतेकांना हा आजार पन्नाशी-साठीच्या पुढे होतो, युरोप-अमेरिकेत वर्षाला लाखात दोघांच्या आसपास. पण तुझ्या मनाने नेमके हॉकिंग उचलले. तेच हॉकिंग २०१८ पर्यंत जगले, हे मात्र ते सोडून देतं. उद्या मी आणखी दहा आकडे दिले तरी तुझं मन अकरावा अपवाद शोधून आणेल. म्हणून माहितीचं बोलणं माझ्याकडून इथेच थांबलं.

गणपतीला आलास तेव्हा मी तुला पाहत होते. आरतीला सगळे जमायच्या आधी ओट्याला धरून टाचांवर चाललास, मग चवड्यांवर उभा राहिलास, मग एका पायावर. माझ्या शिलाईच्या डब्यातली टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्यास. दोन पाय कुणाचेच तंतोतंत सारखे नसतात, बाळा. मोबाईलच्या टॉर्चने आरशात जीभ बाहेर काढून पाहत होतास. बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते. डॉक्टर ती तोंडात सैल ठेवायला सांगून बघतात. आणि दिवसभर असं उभं राहून राहून पोटऱ्या दुखणारच, मग ते दुखणंही तू लक्षण म्हणून वहीत टिपतोस.

मी ‘नाही रे, तुला काही नाही’ म्हटलं की तुला बरं वाटतं, पण तासाभराने पुन्हा तेच. खाज सुटल्यावर खाजवावं, तसं आहे हे. म्हणून यापुढे तू विचारलंस तर मी एवढंच म्हणेन, ‘भीती वाटतेय ना? मी आहे.’ ‘हो’ म्हणणार नाही आणि ‘नाही’ही म्हणणार नाही. तुला ते फार कठोर वाटेल. मलाही जड जाणार आहे, कारण तुझा आवाज कापरा झाला की माझ्या पोटात कालवतं. तरी मी बोलल्याप्रमाणे वागणार आहे. बाबांनाही सांगून ठेवलंय, त्यांच्याकडे जाऊन उत्तर काढू नकोस.

तू वेडा नाहीस आणि नाटकंही करत नाहीस. तुला खरोखर फडफड जाणवते, खरोखर झोप लागत नाही. आजाराची ही भीती हाच एक त्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत. सीबीटी म्हणतात त्या पद्धतीत मानसशास्त्रज्ञ तुला हळूहळू तपासणं, गुगल करणं आणि विचारणं थांबवायला शिकवतात. ते थांबवल्यावर आधी भीती वाढते आणि मग आपोआप उतरते, हे तुला स्वतःला अनुभवायला लावतात. गरज पडली तर गोळ्याही असतात, त्यात कमीपणा काही नाही. मध्यरात्री फार घाबरलास आणि बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे भीतीबद्दल बोल, पोटरीबद्दल नको.

आणि हेही लिहून ठेवते: खरंच पाय ओढायला लागला, शर्टाचं बटण लागेना, बोलताना जीभ जड झाली आणि ते वाढतच गेलं, तर मी स्वतः तुला न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन जाईन. ती काळजी माझ्यावर सोड. रोज पहारा देण्याची तुला गरज नाही.

तुझ्या ताईने पुण्यातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंची शनिवारची वेळ घेतली आहे. शुक्रवारी रात्रीच्या एसटीने मी येते. आत तू एकटा जा, मी बाहेर बसते. टेप माझी आहे, ती बॅगेत भरून ठेव, येताना घेऊन जाईन.

तुझी,
आई