खाट परत करताना: आमच्या गल्लीतील संस्थेच्या खजिनदारांना अनावृत पत्र

अमळनेर

आदरणीय आप्पा,

सादर नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या घरची लोखंडी खाट, हवेची गादी आणि चाकांची खुर्ची, रुग्णांसाठी अशा वस्तू अनामत घेऊन वापरायला देणाऱ्या आपल्या संस्थेच्या खोलीत परत पोहोचली. मी नोंदवहीत सही केली, आपण अनामतीचे एक हजार रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले आणि लगेच मागे उभ्या असलेल्या गृहस्थांकडे वळलात, कारण त्यांना तीच खाट त्यांच्या वडिलांसाठी न्यायची होती. त्या गडबडीत जे बोलायचे राहिले, ते लिहून कळवते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण संस्थेचे काम सगळ्या गल्लीला दिसते, पण ते काम ज्या वहीवर उभे आहे ती वही फार थोड्यांनी पाहिली आहे.

चैत्रात माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. पंधरा दिवसांनी त्यांना घरी आणले तेव्हा डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितले होते. एकाच स्थितीत पडून राहिल्या तर पाठीला आणि माकडहाडाशी जखमा होतील, आणि त्या एकदा झाल्या की लवकर भरत नाहीत, असे त्यांनी बजावले होते. घरात होती ती सुताची बाज. तिच्या झोळात रुतलेल्या माणसाला एकट्या बाईने उचलून कुशीवर वळवणे किती अवघड आहे, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. मी विनाअनुदानित शाळेत शिकवते. दवाखान्याचे बिल चुकते केल्यावर नवी खाट घेण्याचा विचारही करता येत नव्हता.

शेजारच्या वहिनींनी मला आपल्याकडे पाठवले. आपण उत्पन्न किती, जात कोणती, रेशनकार्ड कोणत्या रंगाचे, यांपैकी काहीही आधी विचारले नाही. आपण विचारले की रुग्णाचे वजन अंदाजे किती, घराचे दार किती रुंद, दिवसातून वीज किती वेळ जाते आणि रात्री रुग्णाजवळ कोण जागते. या प्रश्नांचे मला तेव्हा नवल वाटले. नंतर समजले की हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो आणि वीज गेली की गादी हळूहळू बसू लागते, म्हणून आपण सोबत एक साधी जाड गादीही पाठवली होती. आणि जुन्या घरांच्या दारातून खाट सरळ आत जात नाही, म्हणून पाय सुटे करण्याचा पाना त्या मुलांच्या खिशात आधीच होता.

त्याच संध्याकाळी दोन तरुण हातगाडीवर खाट घेऊन आले. डोक्याकडची बाजू हँडल फिरवून कशी वर घ्यायची, जेवण भरवताना ती किती वर असावी, पंपाचा दाब वजनाप्रमाणे कसा ठेवायचा, हे त्यांनी मला माझ्याच हाताने करायला लावून शिकवले. सासूबाईंची वाचा तेव्हा नुकतीच परत येत होती. त्यांनी अडखळत अहिराणीत विचारले, "हाई खाट कोनी शे?" (ही खाट कोणाची आहे?) त्यावर त्या दोघांतला धाकटा म्हणाला, "गल्लीनी शे, आजी." पुढचे पाच महिने भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई हेच उत्तर सांगत राहिल्या. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला होता. त्या दिवसांतही त्यांच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. आज त्या काठीच्या आधाराने ओट्यापर्यंत चालत जातात.

आता मूळ मुद्द्यावर येते. ही खाट एका सधन गृहस्थांनी संस्थेला दिली होती, हे मला फार उशिरा कळले. खाट वापरणाऱ्या कुटुंबासोबत स्वतःचे छायाचित्र असावे, अशी त्यांची इच्छा होती. आपण त्यांना धुऊन-पुसून ठेवलेल्या खाटेचे छायाचित्र आणि ती किती घरी, किती दिवस वापरली गेली याचा नावाविना तक्ता पाठवला. ते नाराज झाले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी चाकांची खुर्ची दिली. माझ्या सासूबाईंचे अंथरुणातले रूप कोणाच्या भ्रमणध्वनीत फिरले नाही, याबद्दल मी आपली जितकी ऋणी आहे तितकी खाटेबद्दलही नाही.

आपला काटेकोरपणा मला एकदा खुपलाही होता. सासूबाई बसू लागल्या तेव्हा माझे बंधू नाशिकहून आले आणि त्यांनी संस्थेसाठी पाच हजार रुपये रोख पुढे केले. आपण ते घेतले नाहीत, धनादेश मागितलात. बंधूंना ते जरा अपमानास्पद वाटले. मग आपण शांतपणे समजावले की दोन हजार रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, आणि शिवाय ३१ मार्चला हिशेब मिटवून लेखापरीक्षण झाल्यावर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला तोंड द्यायचे असते ते आपल्याला. त्या दिवशी आपण वही उघडून दाखवलीत. कोणाचे वीस रुपये, कोणाचे पन्नास, दिवाळीच्या साफसफाईत गोळा झालेल्या रद्दीचे वजन आणि दर, सारे ओळीने लिहिलेले होते.

आपल्या गावाला मोठ्या दानाची ओळख आहे. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या दातृत्वातून १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, आणि त्यांच्याच नावाच्या शाळेत साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात शिकवले, वसतिगृहातल्या आजारी मुलांची शुश्रूषा केली. आपल्या संस्थेला मात्र असा एक मोठा दाता नाही, आणि तो नसण्याची भरपाई गल्लीतल्या बाया गच्चीवर करतात. यंदा फाल्गुनात मीही बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला गेले होते. तीन दिवस भिजवलेली ज्वारी दळायची, पीठ शिजवायचे, पहाटे ओल्या कापडावर बिबड्या थापायच्या आणि ऊन चढण्याआधी आटोपायचे. विक्रीतून ज्वारी, तीळ आणि सरपणाचा खर्च आपण आधी वजा करता व उरलेलेच जमेला धरता. बायांच्या मेहनतीचे मोल काढता येत नाही म्हणून त्यांची नावे वेगळ्या पानावर लिहिता. ते पान मला फार आवडले.

त्याच वहीत मला एक गोष्ट दिसली, जी वाचणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्यावी. खाट द्यायला लोक पुढे येतात, कारण खाटेवर आईवडिलांचे नाव घालता येते. पंपाची फाटलेली नळी, खाटेचे गंजलेले चाक, खोलीचे वीजबिल आणि जंतुनाशक यांच्यासाठी पैसे देणारे फारच थोडे. तरीही या खर्चावाचून तीच खाट दुसऱ्या घरी जाऊ शकत नाही.

आपण केलेली इतर कामेही मला ठाऊक आहेत. आमच्या मागच्या बोळातल्या विधवा ताईंच्या संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला मिळवण्यात आपण तहसील कार्यालयाच्या किती फेऱ्या मारल्या, ते त्यांनीच मला सांगितले. आता महिन्याचे दीड हजार रुपये त्यांच्या खात्यात जमा होतात. आपल्या अभ्यासिकेत बसणारी माझ्या वर्गातली दोन मुले मला रोज दिसतात.

परतीच्या दिवशी मी म्हटले होते की अनामत राहू द्या, देणगीत धरा. आपण म्हणालात, "आधी तुमचे पैसे घ्या, सही करा. द्यायचे असतील तर वेगळी पावती फाडू." म्हणून त्या हजारात माझे पाचशे घालून मी या पत्रासोबत धनादेश पाठवत आहे. पावतीवर कारणाच्या रकान्यात कृपया 'चाके व पंपदुरुस्ती' असे लिहावे. खाटेच्या हँडलचा खिळा सैल झाला आहे, तो लवकर आवळून घ्यावा लागेल.

आपली नम्र,
चौथ्या घरातली शिक्षिका