गाडीच्या एसीत दर उन्हाळ्यात नुसता गॅस मारणं थांबवा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की गोव्यात सगळीकडं एकच वाक्य ऐकू येतं, "एसीचा गॅस संपला असणार, मारून घे." शेजारी तेच सांगतो, ऑफिसातला मित्र तेच सांगतो आणि गॅरेजमध्ये गेलं तर तिथला माणूस बॉनेट उघडायच्या आधीच तेच सांगतो. हे पत्र त्याच वाक्याबद्दल आहे, कारण ते साफ चुकीचं आहे आणि त्याच्यापायी लोकांचे पैसे दर वर्षी अक्षरशः हवेत जातायत.

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, त्यामुळं तो संपायचा प्रश्नच येत नाही. कंप्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो गरमी सोडून द्रव होतो, मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डच्या आतल्या कुलिंग कॉइलमध्ये जाऊन गार होतो आणि परत कंप्रेसरकडं येतो, तोच गॅस, तेवढाच गॅस, वर्षानुवर्षं. रबरी पाईपांतून आणि कंप्रेसरच्या सीलमधून अगदी किंचित जातो हे मान्य, पण त्याला बरीच वर्षं लागतात. दर उन्हाळ्यात गॅस कमी होत असेल तर कुठंतरी गळतंय हे नक्की, आणि ती जागा न शोधता वरून गॅस मारणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरत राहणं झालं.

मी हे एवढं तळमळीनं लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या बाबांना हृदयाचा त्रास आहे, त्यांना फोंड्याहून बांबोळीला गोमेकॉत म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. मे महिन्यात बाणस्तारीचा पूल पार करून जुन्या गोव्याजवळ गाड्यांच्या रांगेत अडकलं की ब्लोअर चारवर असून कोमट वारा यायचा, बाबांचा शर्ट पाठीला चिकटायचा, ते काही बोलायचे नाहीत पण श्वास जोरात चालू झालेला कळायचा. ज्या गॅरेजमध्ये गाडी नेहमी जायची तिथं दर वेळी ठरलेलं उत्तर, गॅस कमी आहे, मारून देतो. मारला की थोडे आठवडे बरं चालायचं, परत ये रे माझ्या मागल्या. बिलावर फक्त 'एसी गॅस' एवढे दोन शब्द आणि रक्कम, किती ग्रॅम घातला, आधी किती होता, गळती बघितली का, काहीच नाही. शेवटी तर "गाडी जुनी झाली, कंप्रेसर बदला" असं सांगून मोठा आकडा काढून दिला.

मग आमच्याच भागातल्या एका एसीवाल्याकडं गाडी नेली, छोटं दुकान, पत्र्याची शेड. त्यानं गेज लावून प्रेशर बघितलं आणि म्हणाला, "बाब, गॅस मागीर, आधी गळता खंय तें बघूया." म्हणजे गॅस नंतर, आधी कुठं गळतंय ते बघू. पुढचा बंपर काढला तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत लाल माती, सुकलेली पानं आणि पाखरांचे पंख असा थर निघाला, हवा जायला जागाच नव्हती. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात अॅल्युमिनियमच्या पात्या बोट लावलं की पांढऱ्या भुकटीसारख्या झडत होत्या आणि बरोब्बर तिथंच एक काळपट तेलकट डाग होता. त्यानं मला तो डाग दाखवून सांगितलं की गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळं गॅस जिथून जातो तिथं तेल येतं आणि तेलावर धूळ बसते. सिस्टीममध्ये नायट्रोजनचं प्रेशर भरून वर साबणाचं पाणी मारलं तर त्याच डागावर बारीक बारीक फुगे यायला लागले. कंप्रेसर ठणठणीत होता. कंडेन्सर, ड्रायर म्हणजे गॅसमधला दमटपणा शोषणारी डबी आणि जोडांमधल्या रबरी रिंगा बदलल्या, आता बाबा गाडीत बसल्यावर थोड्या वेळानं ब्लोअर कमी कर म्हणतात.

हे सगळं गोव्यात जास्त का होतं हेही बघायला हवं. किनाऱ्याच्या पट्ट्यात, कळंगुट, मिरामार, वास्कोकडं खारा वारा आहे, तो अॅल्युमिनियम खातो. आतल्या बाजूला डिचोली, सांगे, सावर्डे भागात खाणींची लाल धूळ, आणि पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळं काय धूळ उडाली ते रोज जाणाऱ्यांना विचारा. ही धूळ जाळीत बसते, पहिल्या पावसात भिजून तिचा चिखल होतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो वाळून कडक होतो. पावसाळा संपला की कंडेन्सर साध्या पाण्याच्या धारेनं धुवून घेतला पाहिजे, कार वॉशमधला प्रेशर पंप जवळून मारला तर पात्या वाकतात आणि मूळ त्रासात भर पडते.

दुसरं म्हणजे आपली दमट हवा. इथं एसीला नुसती हवा गार करायची नसते, तिच्यातलं पाणीही काढायचं असतं, आणि एक लिटर पाणी हवेतून काढायला सुमारे २४०० किलोज्यूल एवढी गरमी ओढावी लागते. त्यामुळं बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू राहिलं तर एसीची निम्मी ताकद बाहेरचा दमटपणा सुकवण्यातच जाते. गाडी उन्हात तापलेली असेल तर पहिले एक-दोन मिनिटं काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मग काचा वर करून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबावं. आणि एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतं त्याला घाबरू नका, ते ठिबकलंच पाहिजे, उलट आपल्या हवेत ते ठिबकत नसेल तर कॉइल गार होत नाही असं समजा, किंवा निचऱ्याची नळी चोंदली असेल, मग ते पाणी डाव्या सीटच्या मॅटवर येतं आणि गाडीत कुबट वास सुटतो.

गॅरेजला जायच्या आधी दुखणं कुठं आहे हे आपल्यालाही बरंचसं ओळखता येतं. हायवेवर गार आणि सिग्नलला उभं राहिलं की कोमट, असं असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा बघायला सांगा आणि जाळी चोंदलीय का ते बघा. हवा गार आहे पण जोर नाही, तर ग्लोव्ह बॉक्सच्या मागं केबिन फिल्टर असतो तो काढून बघा, बऱ्याच गाड्यांत तो हातानं निघतो आणि कित्येकांनी गाडी घेतल्यापासून बघितलेलाही नसतो. सुरुवातीला मस्त गार, मग लांबच्या प्रवासात हवाच यायची कमी होते आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येते, तर कॉइलवर बर्फ धरतोय. हवा जोरात येते पण गारच नाही, तेव्हा गॅस, कंप्रेसरचा क्लच, रिले हे बघायचं, किंवा डॅशबोर्डच्या आत गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकलेली असते, तिला तर गॅसशी काही देणंघेणंच नाही.

गॅस घालायचीच वेळ आली तर तो वजनावर घातला पाहिजे. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बऱ्याच छोट्या गाड्यांत ते अर्ध्या किलोपेक्षाही कमी असतं, म्हणजे थोडं इकडंतिकडं झालं तरी फरक पडतो. जास्त गॅस म्हणजे जास्त गार हा समज पण चुकीचा आहे, जास्त झाला तर प्रेशर वाढतं, कुलिंग उलट कमी होतं आणि कंप्रेसरवर लोड येतो. कमी गॅसवर गाडी चालवत राहिलं तर तेलही नीट फिरत नाही आणि कंप्रेसर जाम होतो, मग खरोखर मोठा खर्च येतो.

व्हॅक्युमबद्दल, म्हणजे गॅस भरायच्या आधी आतली हवा पंपानं ओढून काढतात त्याबद्दल, मी मुद्दाम लिहितोय कारण इथं सगळ्यात जास्त घाई केली जाते. पाईप उघडला की आत हवा आणि दमटपणा शिरतो, आणि जुलैतल्या गोव्याच्या हवेत तर काही विचारू नका, एसीचं तेलसुद्धा उघडं ठेवलं तर पाणी शोषून घेतं. व्हॅक्युम पंपानं आतलं प्रेशर एवढं खाली आणतात की पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर ओढलं जातं, पण त्याला वेळ लागतो, निदान अर्धा तास पंप चालू हवा आणि नंतर बंद करून काटा जागेवर राहतो का हे बघायला हवं. पाच मिनिटांत उरकलं तर राहिलेलं पाणी व्हॉल्व्हपाशी गोठतं आणि गॅसबरोबर मिळून आत आम्ल तयार करतं. कॅनमधून सीलर घालून गळती बंद करतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, तो व्हॉल्व्ह चोंदवू शकतो. आणि कॅनवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा, सील आपल्यासमोर फोडायला लावा. स्वस्तातल्या गॅसमध्ये प्रोपेन-ब्युटेनसारखे पेटणारे वायू मिसळलेले असू शकतात आणि कुलिंग कॉइल आपण बसतो त्याच केबिनच्या आत असते.

यात आणखी एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार लागते. आज रस्त्यावरच्या बऱ्याचशा गाड्यांत आर-१३४ए हा गॅस आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. म्हणजे ४०० ग्रॅम गॅस गळून गेला तर साधारण २५० लिटर पेट्रोल जाळल्याइतकी भर पडते. आणि गॅरेजमध्ये तर जुना गॅस सरळ पिन दाबून फुस्स करून सोडून देतात, मी डोळ्यांनी बघितलंय, तो मशीननं काढून घेऊन वजन करून परत वापरता येतो. भारतानं २०२१ मध्ये किगाली करार मान्य केलाय, त्यात हे गॅस २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं कमी करायचे आहेत. २०१९ च्या इंडिया कुलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख टेक्निशियनना ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट द्यायचं उद्दिष्ट होतं. त्यातलं आमच्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत काय पोचलं हे कौशल्य विकास संचालनालयानं लोकांना सांगावं.

माझी सरळ मागणी अशी आहे की फर्मागुढी, म्हापसा अशा आयटीआयमध्ये आधीपासून काम करणाऱ्या मेकॅनिकांसाठी गाडीच्या एसीचा छोटा कोर्स ठेवा, संध्याकाळी किंवा रविवारी, कारण दुकान बंद ठेवून शिकायला जाणं त्या पोरांना परवडत नाही. गॅस काढून घ्यायचं मशीन महाग असतं, तर एकेका तालुक्यात दोन-चार गॅरेजांनी मिळून घेतलं तर त्याला सबसिडी द्या. टॅक्सीवाल्यांचा तर यात जीव अडकलाय, गिऱ्हाईक एसीवरून भांडतं आणि दिवसभर त्या गाडीत तेच बसलेले असतात, त्यांच्या संघटनांनी हा विषय लावून धरला तर लवकर काहीतरी होईल.

आणि बिलाचं म्हणाल तर ते आपल्या हातात आहे. गळती कुठं सापडली, व्हॅक्युम किती वेळ चालवला, जुना गॅस किती निघाला, नवीन किती ग्रॅम घातला, हे बिलावर लिहून मागा आणि बदललेला पार्ट परत मागून घ्या. लिहून द्यायला नकार दिला किंवा फसवलं असं वाटलं तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथं तक्रार नोंदवता येते.

आपल्या पेपरात फेब्रुवारीच्या शेवटी, लोक गॅरेजकडं धाव घ्यायच्या आधी, एखाद्या चांगल्या एसी मेकॅनिकला आणि आयटीआयच्या शिक्षकाला बोलतं करून यावर अर्धं पान छापावं ही विनंती. आमच्या फोंड्यात एक जण तरी नक्की आहे जो बंपर काढून सगळं दाखवायला तयार होईल, फोटोग्राफर पाठवा, मी स्वतः त्याच्याकडं घेऊन जातो.

आपला,
एक वाचक, फोंडा