लाकूड पकडायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितो आहे. माझ्या नक्षीदार लाकडी डब्या बघून लोक माझ्या हाताचं कौतुक करतात. त्या नक्षीचा मोठा भाग तुमच्या भोसरीच्या शेडमध्ये घडला, हे त्यांना ठाऊक नसतं. ते ठाऊक व्हावं, एवढ्यासाठी हे जाहीर आभार.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. नेहमीच्या कातकामात लाकूड गरगर फिरतं आणि हत्यार आपण हातात धरतो. ऑर्नमेंटल टर्निंगमध्ये आधी डबी तशीच कातून घ्यायची. मग नक्षीच्या वेळी लाकूड एका जागी अडकवायचं आणि फिरतं ते छोटं कटर. एक चीर काढायची, लाकूड मोजून पुढे सरकवायचं, पुन्हा तेवढीच चीर. अशा चिरा एकमेकींना छेदत गेल्या की पाकळ्या, जाळी, टोपलीची वीण उमटते. लंडनच्या होल्टझॅफेल घराण्याने 1795 मध्ये आपला पहिला लेथ, म्हणजे कातयंत्र, विकला आणि पुढे शंभरेक वर्षं हा तिकडच्या श्रीमंतांचा छंद होता. तसं यंत्र आपल्या बाजारात मिळत नाही. माझ्याकडे होता लाकडाचा साधा लेथ, आणि जुन्या बाजारातून आणलेला एक छोटा लोखंडी लेथ, तोही बिनमोटरचा.

तुमचं सगळं आयुष्य टूलरूममध्ये, कारखान्याची हत्यारं घडवण्यात गेलं. लाकडाशी तुमचा संबंध घरच्या पाटावरवंट्याशेजारच्या पोळपाटापुरता, असं तुम्हीच म्हणाला होतात. तरीही माझी अडचण ऐकल्यावर तुम्ही पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे माझ्या चकाला, लेथवर लाकूड धरणाऱ्या पकडीला, डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारं माप) लावलात. चार जबड्यांचा चक, एकदा जॉब, म्हणजे त्यात धरलेलं लाकूड, काढून परत लावला की मध्यापासून 0.2 मिमी बाजूला जायचा. साध्या कामात याने काही बिघडत नाही, पुढच्या कटमध्ये ते निघून जातं. पण नक्षीची चीरच मुळात 0.4 मिमी खोल. जॉब तेवढा बाजूला गेला की एका अंगाला ती 0.6 होते आणि समोरच्या अंगाला 0.2, म्हणजे तिथे नक्षी दिसेनाशी होते. तुम्ही तेव्हा जे सांगितलंत ते मी माझ्या बाकावर लिहून ठेवलं आहे: जॉब चकातून काढायचाच नाही, हलवायचा तर चकासकट हलवायचा.

त्यासाठी दोन्ही यंत्रांच्या स्पिंडलचं (चक फिरवणाऱ्या दांड्याचं) नाक सारखं हवं. लाकडाच्या लेथला 33 मिमी व्यासाचे, 3.5 मिमी पिचचे (एकमेकांपासून तेवढ्या अंतरावरचे) आटे. तुम्ही लोखंडी लेथसाठी तसाच ॲडॅप्टर, म्हणजे जोडतुकडा, केलात. तो तुमच्या मोठ्या लेथवर पूर्ण केला नाहीत. आधी तो माझ्याच स्पिंडलवर कायमचा बसवलात, आणि मग तिथेच, त्याच बेअरिंगमध्ये फिरवत त्याचा खांदा आणि कॉलर शेवटच्या मापाला आणलेत. "आटे फक्त ओढून धरतात, सेंटर खांदा धरतो," हे तुम्ही काम करता करता बोललात. डायलचा काटा 20 मायक्रॉनच्या, म्हणजे 0.02 मिमीच्या, आत राहिला. कटरच्या धक्क्याने चक उलटा सुटू नये म्हणून ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) घातलात, आणि त्याच्या टोकाखाली तांब्याचा छोटा तुकडा ठेवलात, आटे चेपू नयेत म्हणून. हा तुकडा कुणाला दिसत नाही. मला मात्र प्रत्येक वेळी चक बसवताना तो आठवतो.

छोट्या डब्यांसाठी लाकडी चक करायची युक्तीही तुमचीच. सागाच्या ठोकळ्याला खाच कातायची, ती कातली त्याच स्पिंडलवर, म्हणून ती आपोआप न डोलता फिरते; मग डबी तिच्यात घट्ट दाबून बसवायची. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी लंडनचे लोकही हेच करत होते, हे मी तुम्हाला नंतर दाखवलं तेव्हा तुम्हाला नवल वाटलं नाही. पावसाळ्यात हा ठोकळा फुगतो, गोल राहत नाही. म्हणून वापरण्याआधी दर वेळी एक बारीक कट. व्हॅक्यूम चकचा, म्हणजे हवा शोषून जॉब धरणाऱ्या चकचा, माझा आग्रह तुम्ही एका कागदावर निकालात काढलात. चौरस सेंटिमीटरला 0.8 किलो धरला तर 10 सेंमीच्या ताटलीवर साठेक किलो दाब येतो, पण 4 सेंमीच्या डबीवर जेमतेम 10. त्यात लाकडाच्या छिद्रांतून हवा शिरते ती वेगळीच.

इंडेक्स प्लेटबद्दल, म्हणजे लाकूड सारख्या अंतराने पुढे सरकवणाऱ्या भोकांच्या चकतीबद्दल, मात्र सविस्तर लिहायलाच हवं. मी 96, 112, 120 आणि 144 भोकांची वर्तुळं मागितली. तुम्ही विचारलंत, बाकी ठीक, 112 कशाला? सातच्या पटीसाठी, म्हटल्यावर तुम्ही मान हलवलीत आणि लगेच हिशोब केलात: डिव्हायडिंग हेड (वर्तुळाचे सारखे भाग पाडणारं साधन) 40 ला 1, हँडलचे 40 फेरे म्हणजे प्लेटचा एक, म्हणजे दर भोकाला हँडल 28 च्या वर्तुळावर 10 भोकं पुढे. प्लेट मी तळहाताएवढी लहान काढली होती, तुम्ही ती 200 मिमीची केलीत. भोकात 0.05 मिमीची चूक राहिली तरी प्लेटची त्रिज्या 100 आणि डबीची 25, म्हणजे डबीवर ती साधारण चौथ्या हिश्शावर येते. शिवाय पिन सरळ न ठेवता निमुळती केलीत आणि मागे स्प्रिंग. ती भोकात रुतून बसते, प्ले, म्हणजे ढिलेपणा, उरतच नाही. त्या दिवशी तुम्ही एकेक भोक मारताना तोंडाने आकडा म्हणत होतात आणि शेडमध्ये आलेल्या माणसाला हाताने थांबवत होतात. एका छंदी माणसाच्या लाकडी डबीसाठी एवढी एकाग्रता! या पत्राचं खरं कारण ते दृश्य आहे. लाकडाच्या कामाला तुम्ही कधी "चालतंय" म्हटलं नाही.

कटरला शिलाई मशीनची मोटर आणि गोल पट्टा बसवला, स्लाइडची गिब (तिचा ढिलेपणा काढणारी पट्टी) घासून सारखी केलीत, ते सगळं तसं लवकर झालं. धारेला वेळ गेला. या कामात शेवटी पॉलिश पेपर मारता येत नाही, मारला की चिरांच्या कडा गोल होतात आणि चमक मरते. जी चमक यायची ती कटरच्या धारेतूनच. तुम्ही धारेचा कोन धरून ठेवणारा छोटा घोडा करून दिलात आणि धार भिंगाखाली दाखवलीत, डायमंड पेस्टच्या आधी आणि नंतर. हेदूच्या लाकडावर त्या धारेने काढलेली पहिली चीर उजेडात धरली तेव्हा ती ओली असल्यासारखी चमकत होती. सागावर हे जमत नाही, त्याची छिद्रं मोठी. हेदूचा पोत बारीक आणि सारखा.

या सगळ्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. मटेरियलचेसुद्धा निम्मेच घेतलेत, आणि उरलेली एमएस (साध्या पोलादाची) प्लेट "राहू दे, लागेल" म्हणून माझ्याच पिशवीत टाकलीत. त्या ऋणाची भाषा मला नीट येत नाही, म्हणून साध्या शब्दांत लिहितो: काका, मनापासून आभार.

आता एक्सेंट्रिक चक करायचा विचार आहे. जॉब मध्यापासून मोजून सरकवता यायला हवा आणि तिथे पुन्हा स्वतःभोवती भागही पाडता यायला हवेत. स्लाइडचं ड्रॉइंग झालंय. भाग पाडणारं दातेरी चाक, वर्मव्हील, 96 दात्यांचं ठेवू की 120, यावर अडलो आहे. तुम्हाला सवड असेल त्या रविवारी कागद घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
डब्या कातणारा