फिलाडेल्फिया: आधी पाहून ठेवलेले

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

"तिथे चालावे किती लागेल?" या बाबांच्या प्रश्नाला मी फोनवर उडवाउडवीचे उत्तर दिले होते, त्याची चुटपुट लागून राहिली. म्हणून परवा शनिवारी एकटीच फिलाडेल्फियाला गेले आणि तुम्हांला दाखवायच्या जागा पायी फिरून, पायऱ्या कुठे आहेत आणि बसायला बाके कुठे आहेत, ते पाहून आले. जुन्या शहरातली मुख्य ठिकाणे एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत, त्यामुळे आईच्या गुडघ्यांची फारशी काळजी नको.

बाबा, तुमचा जन्म मशीन शॉपमध्ये गेला, तेव्हा लिबर्टी बेलपाशी तुम्ही सर्वांत जास्त वेळ रेंगाळाल. साडेनऊशे किलोच्या आसपास वजनाची ही घंटा 1752 साली लंडनहून ओतून आणली, ती इथे पहिल्याच टोल्याला तडकली आणि पास व स्टो या दोन स्थानिक कारागिरांनी वितळवून 1753 साली पुन्हा ओतली. पुढे तिला पुन्हा बारीक चीर गेली. चित्रांत आपण पाहतो ती बोटभर रुंदीची नागमोडी भेग म्हणजे मूळ तडा नव्हे, ती डागडुजी आहे. चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये, म्हणून 1846 साली कारागिरांनी ती मुद्दाम कोरून रुंद केली. कडांवर ड्रिलच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. त्या वर्षी पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जयंतीला घंटा वाजवली, तेव्हा त्या भेगेच्या वर आणखी एक केसासारखी चीर गेली आणि घंटा कायमची मुकी झाली. आईसाठी वेगळी गंमत आहे: घंटेवर कोरलेल्या 'पेनसिल्व्हेनिया' या नावात एक 'एन' कमी आहे. त्या काळी तसेही लिहीत, तेव्हा लाल पेन्सिल पर्समध्येच राहू दे.

घंटेच्या दालनाला लागूनच राष्ट्राध्यक्षांच्या घराची जागा आहे. 1790 ते 1800 फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती. त्या घराचे आज फक्त पायाचे अवशेष उरले आहेत, ते काचेतून दिसतात. वॉशिंग्टनने इथे नऊ गुलाम ठेवले होते. या राज्यात सलग सहा महिने राहिलेल्या गुलामाला कायद्याने सुटका मागता येत असे, म्हणून तो त्यांना मुदत भरण्यापूर्वी आळीपाळीने राज्याबाहेर पाठवी. त्यांतली ओना जज ही तरुणी 1796 साली निसटली आणि पुन्हा हाती लागली नाही. स्वातंत्र्याच्या घंटेपासून इतक्या जवळ हे सारे घडत होते, हे कळल्यावर मी तिथल्या बाकावर बराच वेळ नुसती बसून राहिले.

रस्ता ओलांडला की इंडिपेंडन्स हॉल. 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि 1787 ची राज्यघटना, दोन्ही याच इमारतीतल्या एका खोलीत मंजूर झाली. वॉशिंग्टन बसत असे त्या खुर्चीच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरला आहे. तो उगवता की मावळता, याचा विचार घटना लिहिणाऱ्या सभेतला वयोवृद्ध सभासद बेंजामिन फ्रँकलिन कित्येक दिवस करत होता, आणि घटनेवर सह्या होत असताना तो म्हणाला की, आता कळले, उगवताच आहे. खोली लहानशीच आहे. कल्याणच्या आपल्या शाळेचे सभागृहही तिच्याहून मोठे वाटेल.

कल्याणवरून आठवले. आपल्या गावी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी याच शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांना एकविसावे वर्ष पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी होते. त्या समारंभाला पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. गाडी लावल्यावर पहिल्यांदा मनात आले ते हेच.

एल्फ्रेथ्स ॲली या गल्लीत मात्र जपून चालावे लागेल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली विटांची बत्तीस घरे तिथे आहेत आणि त्यांत आजही लोक राहतात. जमीन ओबडधोबड दगडांची आहे. वरच्या खिडकीबाहेर लावलेले आरसे पाहत चालताना माझा पाय मुरगळला. दाराशी कोण आले आहे हे माडीवरूनच दिसावे, यासाठी ते तिरके बसवलेले असतात. आई, तुला ती सोय फार आवडेल, आणि शेजारच्या काकूंना त्याहून जास्त.

जेवायला रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये जाऊ. 1893 साली रेल्वे स्थानकाखाली सुरू झालेला हा बाजार आहे. आमिश लोकांच्या (हा जुन्या, साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ) दुकानातला गरम प्रेट्झेल, म्हणजे पीळ घातलेला भाजका पाव, अंड्यामांसाशिवाय मिळतो, तरी मी दशम्या बरोबर घेईनच.

इंडिपेंडन्स हॉलमध्ये ठरलेल्या वेळेलाच आत सोडतात, तेव्हा विमानाच्या तारखा नक्की झाल्या की लगेच कळवा, म्हणजे सकाळची वेळ घेऊन ठेवते. आईने गुडघ्याचा पट्टा सामानाच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावा, आणि नव्या चपलांऐवजी रोजचे बूट घालावेत.

तुमची,
लेक