लेन्स खोक्यात घालायच्या आधी

प्रिय काका,

त्या रात्री तुम्ही फोन केला नसतात, तर माझी ८५ मिमीची लेन्स दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला गेली असती. खोकंसुद्धा शोधून ठेवलं होतं. भाचीचा फोटो काढावा, तर डोळे धूसर आणि कानाजवळची बट मात्र लख्ख! महिनाभर हेच चाललं होतं. लेन्सच बिघडलीय, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

तुम्ही म्हणालात, "लेन्स राहू दे. आधी तू तपासतोस कसं ते सांग."

सांगताना माझी मलाच लाज वाटली. टेबलावर ४५ अंशांत तिरकी ठेवलेली छापील पट्टी, पिवळा दिवा आणि कॅमेरा हातात. दर खेपेला उत्तर वेगळं. तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, दिसतो तो फोकसचा चौकोन खऱ्या संवेदनक्षेत्रापेक्षा लहान असू शकतो, त्यामुळे तिरक्या पट्टीवर कॅमेरा नेमकं काय धरेल याचा भरवसा नाही, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. पिवळ्या उजेडात फेज डिटेक्शन (व्ह्यूफाइंडरमधून बघताना कॅमेरा ज्या पद्धतीने फोकस ठरवतो ती) थोडं चुकू शकतं, हेही नाही.

मग तुम्ही आरशाची गोष्ट सांगितलीत. डीएसएलआरमध्ये, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा, तळाशी बसवलेला; फोटो टिपणारा वेगळा. दोन्हीकडे जाणाऱ्या प्रकाशाच्या वाटांत जरासा फरक पडला, की एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडं असताना, दीड मीटरवर चूक लगेच दिसते, कारण तिथे स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ३ सेंटिमीटर. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढताना, मात्र फोटो टिपणारा सेन्सरच फोकस बघतो. म्हणजे घरातल्या घरात ताडून बघायला माप हाताशीच होतं!

रविवारी सकाळी खिडकीच्या उजेडात बसलो. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोरासमोर. अंतर फोकल लांबीच्या (लेन्सवरच्या ८५ मिमीच्या) ५० पट, म्हणजे सव्वाचार मीटर. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, २ सेकंदांचा टायमर. प्रत्येक फोटोआधी रिंग हाताने फिरवून फोकस मुद्दाम घालवायचा, एकदा अनंताकडे, एकदा जवळ. हे तुम्ही तीनदा बजावलं होतंत आणि मी तरीही पहिल्या चार फोटोंत विसरलो.

लाइव्ह व्ह्यूच्या फोटोत बारीक जाहिरातीतलं अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्या दहाही फोटोंत तीच अक्षरं सारखीच फुगलेली. हे 'सारखीच' महत्त्वाचं, असं तुम्ही म्हणाला होतात: चूक दर वेळी वेगळी असेल तर सेटिंगने सुटत नाही, एकसारखी असेल तर सुटते. कॅमेऱ्यात लेन्सचा फोकस पुढे-मागे सरकवायचं एक सेटिंग असतं; फोकस मागे पडतोय, म्हणून त्यातला आकडा उणे. -५ ला थोडा फरक, -१० ला बरंच जवळ, -१५ ला पुन्हा बिघडलं. शेवटी -१२ वर थांबलो. संध्याकाळी भाचीच्या पापण्या मोजता येत होत्या. ती एका जागी बसेना, तो भाग वेगळा.

आभार मानतोच आहे, तर एक तक्रारही. तुमच्यामुळे आता माझी झूम लेन्सही तपासली. ७० मिमीला ती ० वर ठीक आहे, २०० ला मात्र +६ मागतेय आणि माझ्या कॅमेऱ्यात एका लेन्सला एकच आकडा ठेवता येतो. रविवारी फोन करतो.

तुमचाच,
खोकं परत माळ्यावर टाकलेला पुतण्या