नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात काय लिहू? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी मी एका रुग्णालयात इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन (ईएमटी), म्हणजे आणीबाणीत पेशंटला पहिले उपचार देणाऱ्या तंत्रज्ञाच्या जागेसाठी थेट मुलाखतीला गेले होते. परभणी जिल्ह्यातल्या माझ्या गावाहून पहाटे साडेचारची एसटी धरली. सोबत मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे दोन संच आणि चार फोटो. साडेबाराला नंबर आला. टेबलामागच्या मॅडमनी प्रमाणपत्र वरखाली पाहिलं आणि विचारलं, "नोंदणी क्रमांक?" मी म्हटलं, "आमच्या कोर्सची नोंदणी कुणी करूनच घेत नाही, मॅडम." त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "मग हा कोर्स धरता येणार नाही. पुढचे या."

झाली मुलाखत. समोरच्या माणसाचा श्वास थांबला तर काय करशील, एवढं तरी विचारायचं होतं. मला येतं ते.

2022 साली मी एका शहरातल्या खासगी संस्थेत एक वर्षाच्या कोर्सला प्रवेश घेतला. दारावर बोर्ड होता, 'शंभर टक्के नोकरी, 108 वर थेट संधी'. फी 72 हजार, राहण्या-जेवणाचं वेगळं. अण्णांनी दुभती म्हैस विकली, उरलेलं सोयाबीनच्या पट्टीतून भरलं. पूर्ण वर्गाला सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून श्वास देणं, शिकायला एकच पुतळा होता. त्याच्या छातीतली स्प्रिंग दिवाळीआधीच मोडली, मग आम्ही उशीवर शिकलो. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाब झाले की 2 श्वास. खोलीवर येऊनही मी गादीवर मोजत बसायचे. मनगटं सुजली, पण हाताला ताल बसला. तीन महिने अपघात विभागात रात्रपाळ्या केल्या, एक रुपया न घेता.

आता कायदा बघा. केंद्राने 2021 मध्ये सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून रुग्णसेवेतल्या बाकीच्या तंत्रज्ञांसाठी, राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हे नाव स्पष्ट लिहिलं आहे. वाचून मला रडू आलं होतं, कारण आपल्या कामाला नाव आहे हे पहिल्यांदा छापील दिसलं. पण त्याच कायद्यात पदविकेला किमान 2,000 तास आणि दोन वर्षं लागतात. माझ्या कोर्सचे तास संस्थेच्या कागदावरसुद्धा निम्म्याच्या आसपास भरतात. कायदा 2021 चा, माझा प्रवेश 2022 चा. मधल्या वर्षभरात त्या दारावरचा बोर्ड उतरवायला सरकारचा एक माणूस गेला नाही. आमची नोंदणी करणाऱ्या परिषदा राज्यांनी सहा महिन्यांत स्थापन करायच्या होत्या. शेवटी ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की दोन महिन्यांत कायद्याची अंमलबजावणी करा. तोवर आमची म्हैस परत आली असती का, साहेब?

मला काय येतं ते सांगते, कारण मंगळवारी कुणी ऐकलं नाही. मागच्या डिसेंबरात, ऐन गळीत हंगामात, आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला मागून मोटारसायकल धडकली. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता. लोक त्या पोराला हातापायाला धरून टेम्पोत टाकायला निघाले होते. मी ओरडले, "उचलू नका!" मग त्याच्या डोक्याशी गुडघे टेकले, दोन्ही कोपरं डांबरावर रोवली आणि मान हलू नये म्हणून डोकं सरळ धरून ठेवलं. मांडीतून रक्त येत होतं, तिथे चुलतभावाला ओढणीची घडी दाबून धरायला लावली. पस्तीस मिनिटं मी हात हलवला नाही. 108 आली. डॉक्टरांनी मानेला लावायची कॉलर पिशवीतून बाहेर काढली, तर कुठलं माप लागेल ते मी सांगितलं. एक, दोन, तीन म्हणत आम्ही त्याला कुशीवर वळवून कडक फळीवर घेतलं. गाडीचं दार लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "तू कुठल्या गाडीवर असतेस?"

कुठल्याच नाही.

तो पोरगा चालतो आज. संक्रांतीला त्याची आई तिळगूळ घेऊन आली होती.

आपल्या राज्यात 108 सेवा 2014 च्या जानेवारीत सुरू झाली, 937 गाड्यांनिशी. 2011 च्या जनगणनेने भागाकार केला तर तेव्हा 1 लाख 20 हजार माणसांमागे एक गाडी. 2022 मध्ये महाराष्ट्राच्या रस्त्यांवर 15 हजारांहून जास्त माणसं मेली, म्हणजे दिवसाला चाळीसच्या वर. आपल्याकडे 108 च्या गाडीवर डॉक्टर असतो याचा सरकारला अभिमान आहे, मलाही आहे. पण रात्रीच्या रस्त्यावर एका डॉक्टरने मान धरायची, रक्त थांबवायचं की श्वास द्यायचा? शेजारी गुजरातेत 2007 पासून ईएमटीच गाडीत पेशंट सांभाळतात आणि डॉक्टर फोनवरून सल्ला देतात. तिथे आमच्यासारख्यांना जागा आहे. इथे आम्हाला फक्त फी भरायला जागा आहे.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. आमच्या गावात डीएड करून घरी बसलेल्या पोरी आहेत, पोलीस भरतीसाठी पाच वर्षं पळून गुडघे घालवलेली पोरं आहेत. कोर्स काढणारा पैसे घेऊन मोकळा, परवानगी देणारा सही करून मोकळा, आणि नोकरीच्या टेबलावर कागद अपुरा ठरतो तो आमचा. कोविडमध्ये, 2021 च्या जूनमध्ये, एक लाख तरुणांना आघाडीवर काम करायला शिकवू असं पंतप्रधानांनी जाहीर केलं. आपत्कालीन सेवेचंही प्रशिक्षण त्यात होतं. ते ऐकूनच मी या वाटेला लागले. लाट ओसरली आणि आम्ही कुणाच्या लक्षात राहिलो नाही. गरज असली की योद्धे, नसली की 'पुढचे या'.

मला फुकट नोकरी नको. राज्यातले कुठले कोर्स धरले जातात आणि कुठले नाही, त्याची यादी प्रत्येक तहसीलच्या फलकावर लावा, म्हणजे यंदा आणखी कुणाची म्हैस जाणार नाही. ज्यांनी आधी शिकून घेतलंय त्यांना उरलेले तास भरून काढायची सोय द्या आणि परीक्षा घ्या, कितीही कडक घ्या. पुतळा तुमचा, घड्याळ तुमचं. 108 मध्ये डॉक्टरशेजारी एक जागा प्रशिक्षित माणसाची करा.

आणखी एका जागेचा ऑनलाइन अर्ज मी अर्धा भरून ठेवला आहे. शेवटची तारीख 28. नोंदणी क्रमांकाच्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तिथे काय लिहू, ते 28 च्या आत कळवावं ही विनंती.

आपली,
परभणी जिल्ह्यातली एक प्रशिक्षित ईएमटी