बायकांनी मंत्र म्हणणं हे कालचं फॅड नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आजकालचे गुरू परंपरा वाट्टेल तशी बदलतात अशी ओरड सारखी वाचायला मिळते. हजारो रुपये फी घेऊन चालणारी शिबिरं बघितली की ती खरीही वाटते, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

शिर्डीला लाखो लोक जातात पण जवळच्याच साकोरीला फार कमी जण वळतात. साईबाबांचे शिष्य उपासनी महाराज, सटाण्याच्या शास्त्री घराण्यातले, त्यांनी १९३२ च्या सुमारास तिथे कन्याकुमारी स्थान नावाचा मुलींचा आश्रम सुरू केला आणि तिथल्या कन्यांना संस्कृत, वेदमंत्र, यज्ञ सगळं शिकवलं. १९४१ मध्ये महाराज गेल्यावर त्यांच्या शिष्या गोदावरी मातांनी तो पुढे जवळजवळ पन्नास वर्षं सांभाळला. महाराजांचं सगळंच मला पटतं असं नाही, कन्यांशी त्यांनी विवाहविधी केले त्यावर तेव्हाही खूप टीका झाली आणि मलाही ते खटकतं. पण यज्ञाची पळी बाईच्या हातात दिली हे काम मोठंच आहे.

मी सासूबाईंना घेऊन गेले होते. कन्या कुंडाभोवती बसलेल्या, स्वाहा म्हटलं की सगळ्यांचे हात एकदम पुढे, आणि उच्चार इतके स्वच्छ की अंगावर काटा आला. सासूबाईंचा सगळा जन्म गुरुजी आले की आत जायचं, पुरणावरणाचं बघायचं आणि मंत्र फक्त कानावर पडू द्यायचे यात गेला. त्या खांबाला टेकून तासभर बसल्या, चला म्हटलं तर "थांब गं, संपू दे" म्हणाल्या.

पुण्यात शंकरराव थत्ते आणि नंतर ज्ञानप्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवलं म्हणून आज पुरोहित बाई सहज मिळतात. तरी माझ्या मुलीच्या लग्नाला बाई ठरवल्या तेव्हा नात्यातल्यांनी "शास्त्रात बसत नाही" म्हणून तोंड फिरवलं, आणि एका मंगल कार्यालयाच्या मॅनेजरने तर आमचेच गुरुजी घ्यावे लागतील असं सांगितलं! कोणत्या शास्त्रात, ते मात्र एकालाही सांगता आलं नाही.

कार्यालयवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हॉल भाड्याने द्या, पुरोहित कोण ते आमचं आम्हाला ठरवू द्या. आम्ही दुसरा हॉल घेतलाय. पुरोहित बाई परवाच घरी येऊन गेल्या, सप्तपदीच्या एकेका पावलाचा अर्थ त्यांनी मुलीला आणि होणाऱ्या जावयाला मराठीत समजावला आणि सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या.

– एक वाचक, नाशिक